मडक्यावरचे नाव

वाचकहो, संक्रांतीला तुमच्या घरी सुगडी येतात. त्यांत हरभरे, बोरे, उसाचे करवे, गाजराचे तुकडे, गव्हाच्या ओंब्या आणि तिळगूळ भरतात, बाहेरून हळदकुंकवाची बोटे ओढतात. काही देवापुढे राहतात, काही सवाष्णींच्या घरी जातात. दक्षिणेतून येऊन माळव्यात स्थिरावल्याला आपल्यातल्या कित्येक घरांना अडीचशे वर्षांच्या वर लोटली. बोलण्यात माळवी शिरली, ताटात दालबाटी आली, पण सुगड सुटले नाही. आता एक साधा प्रश्न विचारतो. गेल्या संक्रांतीला तुमच्या देवापुढे मांडलेले सुगड कोणी घडवले, त्याचे नाव तुम्हाला सांगता येईल का?

आपण नावे जपणारी माणसे आहोत. धार आणि देवासच्या पवारांबरोबर कोणते घराणे केव्हा आले, सनद कोणाच्या नावे होती, मूळ गाव सातारा की पुणे प्रांतातले, हे आपल्या घरांतून तोंडपाठ असते. वंशावळ्या आहेत, कुलदैवते ठाऊक आहेत, जुनी मोडी कागदपत्रे कापडात गुंडाळून ठेवलेली आहेत. त्याच घरांत दर वर्षी नवे येऊन दर वर्षी विसर्जित होणारे जे भांडे, त्याच्या कर्त्याचे नाव मात्र कोठेही लिहिलेले नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. मडके घडवणारा हात आणि मडक्यावरचे नाव यांची फारकत केव्हा आणि कशी झाली, जगात ती कोणी सांधण्याचा प्रयत्न केला, आणि हाटपिपल्यासारख्या, नावातच हाट वागवणाऱ्या गावात बसून आपण काय करू शकतो, एवढेच पाहायचे आहे.

आरंभ आपल्याच मातीपासून करू. देवासच्या उत्तरेला, उज्जैन जिल्ह्यात, छोटी कालीसिंध नदीच्या काठी कायथा नावाचे गाव आहे. 1964 साली विष्णु श्रीधर वाकणकर यांनी तिथले प्राचीन वसतिस्थान उजेडात आणले आणि पुढच्या काही वर्षांत तिथे उत्खनन झाले. वाकणकर नीमचला जन्मलेले, म्हणजे माळव्यातल्याच मराठी घरातले. भीमबेटकाची चित्रे जगापुढे आणणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. कायथ्याच्या सर्वांत खालच्या थरांत जी वस्ती सापडली ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची आणि त्याहूनही जुनी आहे. तिथल्या खापरांत गडद तपकिरी लेपाची भांडी आहेत, पिवळट अंगावर तांबड्या रेघांची आहेत, आणि ओल्या मातीवर फणी ओढून नक्षी उठवलेलीही आहेत. तांब्याच्या कुऱ्हाडी आणि मण्यांच्या माळा लोकांनी मडक्यांत घालून ठेवल्या होत्या. तिजोरी मातीची होती.

आता विंध्याचा घाट उतरून नर्मदेवर या. अहिल्याबाईंच्या महेश्वरासमोर, नदीच्या दक्षिण तीरावर नावडातोली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी 1952-53 मध्ये आणि पुन्हा 1957 ते 1959 या काळात तिथे खोदकाम केले. तिथे जी भांडी मुबलक मिळाली त्यांना अभ्यासकांनी ‘माळवा भांडी’ असेच नाव दिले. तांबूस-नारिंगी लेप, त्यावर काळ्या किंवा गडद तपकिरी रंगात काढलेल्या जाळ्या, त्रिकोण, लाटा, पळणारी हरणे, नाचणारी माणसे. लोटे आहेत, उंच बुडाचे पेले आहेत, एका बाजूला पन्हळीसारखी लांब चोच असलेले वाडगे आहेत. हे लोक गहू पिकवत, मसूर आणि वाटाणा खात, पुढे तांदूळही त्यांच्या घरात आला. भांड्यांच्या मातीत भुसा मिसळलेला आहे, म्हणजे शेत आणि चाक यांचे नाते तेव्हाही जुळलेले होते.

आपल्या दृष्टीने याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. त्यात इसवीसनापूर्वी 1600 च्या सुमारास वसलेल्या पहिल्या गावात हीच माळवा भांडी निघाली. माळव्यातले शेतकरी त्या काळी दक्षिणेत उतरले असावेत, असे संशोधकांचे मत आहे. आपले पूर्वज अठराव्या शतकात दक्षिणेतून माळव्यात आले, त्याच्या तीन हजारांहून अधिक वर्षे आधी माळव्याचे मडके दक्षिणेत जाऊन पोचले होते. नंतर तिथेच, संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून नाव मिळालेली, पातळ अंगाची, बोटाने वाजवली तर धातूसारखा नाद देणारी तांबडी भांडी घडू लागली. इनामगावात कुंभाराची भट्टी सापडली. त्याच गावात, घराच्या जमिनीखाली, दोन रांजणांची तोंडे एकमेकांना जोडून त्यांत पुरलेली लहान मुलेही सापडली. ते रांजण चाकावर फिरवलेले नाहीत, हाताने लिंपून केलेले आहेत. ते कोणाच्या हाताचे, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पाहा, या सगळ्या इतिहासात गावांची नावे आली, नद्यांची आली, शोधणाऱ्यांची आली. घडवणाऱ्याचे एकही आले नाही. तेव्हा लिपी नव्हती, म्हणून त्या काळाला दोष देता येत नाही. पण लिपी आली, दप्तरे आली, तरी फारसे बदलले नाही. गावगाड्यात कुंभार हा बलुतेदार. त्याने वर्षभर गावाला मडकी पुरवायची आणि सुगीला धान्याचा वाटा न्यायचा. प्रत्येक मडक्याला वेगळी किंमत नव्हती, म्हणून प्रत्येक मडक्याला वेगळा कर्ताही नव्हता. मराठी माणसाला मनापासून ठाऊक असलेले कुंभाराचे नाव एकच, तेरचे गोरोबाकाका. संतांच्या मेळ्यात थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे त्यांनी सांगितले, आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथा आपण लहानपणी ऐकली आहे. पण गोरोबांचे नाव टिकले ते अभंगामुळे आणि भक्तीमुळे. त्यांनी घडवलेले एकही मडके आपण दाखवू शकत नाही.

त्या थापटण्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण हे काम किती कसबाचे आहे ते त्यावरून कळेल. माळव्याची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. नुसत्या तिच्यावर मडके उभे राहत नाही. म्हणून नदीकाठचा किंवा तळ्यातला पोयटा आणायचा, वाळवून फोडायचा, भिजवायचा, त्यात राख, लीद किंवा बारीक वाळू मिसळून पायांनी तुडवायचा. चाकावर जे उतरते ते जाड, उघड्या बुडाचे भांडे असते. दोऱ्याने कापून ते सावलीत ठेवतात. अर्धवट सुकले की आतून दगडी गुंडा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत ठोकत त्याचा फुगा वाढवायचा आणि बूड मिटवायचे. ठोका जरा जड पडला तर भांडे फाटते. मग गेरूचा हात, मग गोवऱ्या आणि भुसा रचून लावलेला आवा. अशा उघड्या आव्यात सुमारे 700 ते 900 अंश सेल्सिअस उष्णता मिळते. एवढ्या आचेत मातीची छिद्रे पुरती बुजत नाहीत. त्या छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते, आणि म्हणून वैशाखात माठातले पाणी गार लागते. शहरातल्या प्रदर्शनात मिळणारी चकचकीत भांडी 1200 अंशांच्या वर भाजलेली असतात, त्यांवर काचेसारखा लेप म्हणजे ग्लेझ असतो. ती सुंदर असतात, टिकाऊ असतात, पण त्यांत पाणी गार होत नाही. दोन्ही कसबे वेगळी आहेत, एक वरचे आणि एक खालचे असे नाही.

तरीही वर-खाली ठरले, आणि ते ठरण्यात मुंबईच्या कलाशाळेचा वाटा आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून ही शाळा 1857 साली सुरू झाली. तिचे प्रमुख जॉर्ज टेरी यांनी पुढे तिथे कुंभारकामाची शाखा काढली. सिंधच्या जुन्या निळ्या-हिरव्या कामाचे वळण आणि अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रे यांवरून नमुने घेऊन तिथे फुलदाण्या, सुरया, थाळ्या तयार होत आणि त्या परदेशी प्रदर्शनांत जात. याच शाळेत 1865 साली शिकवायला आलेले लॉकवुड किपलिंग हे इंग्लंडमध्ये बर्सलेमच्या चिनीमातीच्या कारखान्यात काम केलेले गृहस्थ होते. काम चांगले होते, विद्यार्थी हुशार होते. पण ती भांडी ‘बॉम्बे पॉटरी’ म्हणून ओळखली गेली, शिक्षकांची नावे अहवालांत छापली गेली, आणि घडवणारे पुन्हा एकदा नावावाचून राहिले. भर म्हणजे आता कलेचे मडके आणि पाण्याचे मडके अशी वाटणी झाली.

ही वाटणी तेव्हा सगळ्या जगात चालली होती. यंत्राच्या कपबशा स्वस्त झाल्या आणि हाताने घडवणारे कुंभार देशोदेशी बसले. त्याविरुद्ध एक मोठा विचार जपानात झाला. यानागी सोएत्सु या विचारवंताने खेड्यातल्या अनाम कारागिरांची रोजच्या वापरातली भांडी गोळा केली, त्यांच्यासाठी 1925 साली ‘मिंगेई’, म्हणजे लोकांचे कसब, हा शब्द रूढ केला आणि 1936 साली टोकियोत त्यांचे संग्रहालय उभारले. त्याचा मित्र बर्नार्ड लीच हा इंग्रज जपानात कुंभारकाम शिकला आणि 1920 साली हामादा शोजी या जपानी मित्राला घेऊन इंग्लंडमध्ये सेंट आइव्ह्ज या किनाऱ्यावरच्या गावात त्याने भट्टी घातली. एका माणसाने माती मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळे स्वतः करायचे आणि भांड्यावर आपली खूण उमटवायची, ही जी रीत आज स्टुडिओ पॉटरी म्हणून जगभर चालते, तिची एक मोठी वाट तिथून निघाली. लीच यांच्या स्वतःच्या भांड्यांवर त्यांचा शिक्का असे, आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या नित्याच्या भांड्यांवर भट्टीचा.

इथे गंमत अशी की अनाम कारागिराचे गुण गाता गाता हे लोक स्वतः नामांकित झाले. हामादाला हे उमगले असावे. मायदेशी परतल्यावर तो माशिको नावाच्या, घरगुती भांडी घडवणाऱ्या कुंभारांच्या गावात राहिला आणि त्याने आपल्या भांड्यांवर शिक्का मारणे सोडून दिले. 1955 साली जपान सरकारने त्याला राष्ट्राचा जिवंत ठेवा म्हणून गौरवले, तरी भांडे कोरेच राहिले.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे, आणि ते मला आपल्या अधिक जवळचे वाटते. न्यू मेक्सिको राज्यात सान इल्देफोन्सो नावाचे आदिवासी गाव आहे. तिथली मारिया मार्टिनेझ (1887-1980) चाकाशिवाय, मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडी करी. 1908 च्या सुमारास एडगर ह्युएट या पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननात जवळपास जुनी खापरे निघाली, आणि त्यांवरून पुरे भांडे घडवून पाहा, असे त्याने तिला सांगितले. मारिया आणि तिचा नवरा हुलियान यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. पेटत्या आव्यावर लिदीचा भुगा दाबून धूर आत कोंडायचा, म्हणजे तांबडे भांडे काळे होते. गोट्याने घासलेला भाग चमकतो आणि रंगवलेला भाग मंद राहतो. या काळ्यावर काळ्या भांड्यांनी जग जिंकले. धूर कोंडून काळे करण्याची ही युक्ती आपल्या कुंभारांनाही पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. 1920 नंतरच्या दशकात मारिया भांड्यांवर नाव घालू लागली. नाव असलेल्या भांड्याला जास्त पैसे मिळतात हे पाहून गावातल्या इतर बाया आपली भांडी घेऊन तिच्याकडे आल्या, आणि तिने त्यांच्याही भांड्यांवर आपले नाव घातले. बाजाराच्या हिशेबाने हे चूक होते. गावाच्या हिशेबाने तिने नाव वाटून घेतले होते.

एकाने नाव सोडले, दुसरीने वाटले. आपल्या देशात तिसरी वाट निघाली. दिल्लीचे सरदार गुरचरण सिंग 1919 साली जपानला गेले, लीच, हामादा, यानागी यांच्या सहवासात आले, आणि परतून त्यांनी दिल्लीच्या निळ्या भांड्यांचे काम उभे केले. त्या कामाचे मर्म आपण अब्दुल्ला नावाच्या जुन्या कारागिराकडून शिकलो, हे ते मोकळेपणाने सांगत, म्हणूनच आज अब्दुल्लांचे नाव आपल्याला घेता येते. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद 1944 साली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात नई तालीमच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले आणि 1962 पर्यंत राहिले. मुलाच्या हाताला माती लागणे हा शिक्षणाचा पाया आहे, असे ते मानत. तिथेच त्यांचे स्वतःचे कुंभारकाम वाढले. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभारला. तिथे विचार असा होता की कुंभाराच्या मुलालाच नवी भट्टी, नवी माती आणि ग्लेझचे शास्त्र शिकवावे. बिहारमधल्या कुंभाराच्या घरी जन्मलेले ब्रह्मदेव राम पंडित भद्रावतीत शिकले, पुढे मुंबईजवळ भाईंदरला त्यांनी आपली भट्टी घातली, आणि 2013 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पिढीजात हात आणि भांड्यावरचे नाव इथे एका माणसात एकत्र आले. हे घडायला ज्ञान त्याच्या दारापर्यंत न्यावे लागले, हे विसरू नये.

या हिशेबात बायकांचा भाग वेगळा मांडायला हवा. माती आणणे, भिजवणे, थापटणे, रंगवणे ही कामे कुंभाराघरच्या बाया करत आल्या, पण बाईने चाकाला हात लावू नये अशी रीत बहुतेक ठिकाणी होती. नाव पुरुषाचेही नव्हते, तिचे तर दुप्पट नव्हते. म्हणून निर्मला पटवर्धन यांचा उल्लेख मी मुद्दाम करतो. परदेशात शिकून आलेल्या या कलावतीने ग्लेझवर आयुष्यभर प्रयोग केले. ज्या कृती कारागीर मुलालासुद्धा उशिरा सांगतात, त्या तिने कुंभारांसाठी लिहिलेल्या हस्तपुस्तकात सर्वांसाठी छापून टाकल्या.

आता पुन्हा आपल्या गावाकडे. माळव्यात लग्नाआधी बाया वाजतगाजत कुंभाराच्या दारी जातात आणि चाकाची पूजा करतात, हे तुम्ही शेजारी पाहिले असेल. चाकाला हळदकुंकू मिळते, चाक फिरवणाऱ्याचे नाव पुसले जात नाही. देवासला 1948 साली आलेले कुमार गंधर्व आजारपणात पडल्या पडल्या रस्त्याने गाणाऱ्या माळवी बायांचे सूर ऐकत, आणि पुढे त्यांनी ते सूर मोठ्या मंचावर मांडले. गाणाऱ्या बायांची नावे हरवली, तरी निदान ‘माळव्याच्या लोकधुना’ म्हणून माळव्याचे नाव राहिले. सुरांसाठी झाले ते मातीसाठी होऊ शकते.

माझे मागणे दोन गोष्टींचे आहे. पहिली संस्थांसाठी. कायथा आणि नावडातोलीची खापरे संग्रहालयांच्या कपाटांत आहेत. त्यांची चित्रे, मापे, आकार माळव्यातल्या आजच्या कुंभारांच्या हाती द्यावेत, आणि मारियाला विचारले तसे त्यांना विचारावे, की हे तुम्ही कसे घडवाल? पन्हळीच्या चोचीचा वाडगा ओल्या मातीत कसा उभा राहिला, याचे उत्तर माझ्यासारख्या वाचणाऱ्यापेक्षा थापटणे धरणाऱ्याच्या मनगटाला लवकर सापडेल. आणि त्या भांड्याखाली त्याचे आणि त्याच्या घरातल्या रंगवणाऱ्या बाईचे नाव असावे.

दुसरी गोष्ट तुमच्या घरासाठी, आणि तिला खर्च नाही. इनामगावच्या जमिनीखालचे रांजण कोणी लिंपले हे आता कधीच कळणार नाही. पण येत्या संक्रांतीचे सुगड कोणी घडवले हे कळू शकते. हाटात सुगडी घेताना भाव करायच्या आधी नाव विचारा. घरी आल्यावर ज्या वहीत वंशावळ आहे, लग्नामुंजींचे खर्च आहेत, त्याच वहीत एक ओळ लिहा: अमुक साली सुगडी अमुक बाईंच्या, अमुक भाऊंच्या हातची. सुगड विसर्जनानंतर मातीत मिळेल, तसेच मिळायला हवे. वहीतली ती ओळ मात्र तुमच्या नातवंडांच्या हाती राहील.